दिनू येऊन राहिला

७ फेब्रुवारी १९५८. बोरीबंदर.
पोचलो बाप्पा एकदाचे. बसून बसून कंबर गेली. ह्यांचा रेल्वेचा पास आहे म्हणून, नाही तर मुंबई आमच्या नशिबी कुठली! माहेर वर्ध्याचं, ते आता मुंबईच्या राज्यात. मी भिलाईची, म्हणजे भोपाळच्या राज्यातली. पण राजधानी पाहाले कोण आलं इथं? भावाले न्याले आली मी. त्याची बायको कमल, तिचे दिवस भरत आले. तिच्या बाळंतपणाच्या आत दिन्याले घरी नेऊन उभा करायचा, बस.
हे म्हणतात, आधी चहा घेऊ. घराले आग लागली तरी ह्यांचा आधी चहा.

७, संध्याकाळ. माझगाव.
दिनू जिथं दिसला म्हणून गाववाल्यानं सांगितलं, ती खानावळ सापडली. वर भाड्याच्या खोल्या. मालकीण कोकणातली, तोंडानं फटकळ, मनानं बरी दिसते. पंगत बसली होती, तिले श्वास घ्याले फुरसत नव्हती. मी दारातूनच विचारलं, "भिलाईचा दिनकर येऊन राहिला का?" ती वाढता वाढता म्हणाली, "हो, येऊन राहिला की!"
जीव भांड्यात पडला. कुठं कामावर गेला असन. वरची खोली घेतली. आज नाही तर उद्या येईलच.

८ फेब्रु.
रात्री आला नाही. सकाळी पुन्हा विचारलं. "अहो, काल सांगितलं ना, येऊन राहिला म्हणून!" एवढी चिडाले काय झालं? मी जिना चढून वर आली. परक्या गावात कशाले तोंड लावा.
दुपारी हे ओढून भाऊच्या धक्क्यावर घेऊन गेले. समुद्र पाह्यला. एवढं पाणी, अन् घोटभर पिता येत नाही! बोटी, भोंगे, हमालांची आरडाओरड, मच्छीवाल्यांची भांडणं. आपल्या बाजारात वाळलेले येतात ते बोंबील इथं ओले, लिबलिबीत. हे लहान पोरावानी खुश. मले मात्र प्रत्येक पाठमोरा पोट्टा दिनूच वाटे. दोघांले तर हाक मारून बसली.
क्रेनखालून जाऊ दिलं नाही मी ह्यांले. वर लोंबतं ओझं दिसलं की वसंत आठवते.
प्लँटच्या बांधकामावर दिनू अन् वसंत एकाच ठेकेदाराकडे. वसंत मचाणावरून पडला तेव्हा त्याच्या दोराचं दुसरं टोक दिनूच्या हातात होतं. त्या दिवशी दिनू घरी आला, डबा ठेवला, हातपाय धुतले अन् गेला तो गेलाच. कमलले तेव्हा तिसरा लागला होता. वसंतची माय आमच्याच क्वार्टरांच्या लाइनीत राहते, दिनू तिले मावशी म्हणते. कमल नळावर गेली की म्हातारी अर्धी बादली तशीच उचलून घरात जाते. शिव्या दिल्या असत्या तरी परवडलं असतं. एक शब्द नाही.
उद्या तरी ये रे दिन्या.

९ फेब्रु.
डोकं आपटून घ्यावं भिंतीवर!
सकाळपासून जिन्यात बसून होती. दुपारी पंगत उठल्यावर गेली अन् भांडलीच. म्हटलं, "परवापासून येऊन राहिला, येऊन राहिला म्हणता. येते कावून नाही मग?" ती कमरेवर हात ठेवून म्हणते, "अहो बाई, आता कुठून येणार? तो आला, इथे राहिला, आणि गेला! महिना झाला, उरणला मिठागरावर आहे."
हे हसाले लागले. मी रडाले लागली. आमचं 'येऊन राहिला' म्हणजे वाटेवर आहे. तिचं म्हणजे येऊन, राहून मोकळा! मराठी मराठीत असा घोळ. पोरांले शाळेत मीच मराठी शिकवते, वा रे वा मास्तरीण!
मालकीणबाईले मग वाईट वाटलं. सोलकढी दिली. मी उरणच्या लाँचची वेळ विचारून घेतली.
ह्यांची रजा संपत आली. उद्या रात्रीची गाडी पकडलीच पाहिजे. म्हणजे हाती एकच दिवस. अन् तिकडे कमलचं काही झालं असलं तर? पोट लय खाली आलं होतं निघतानी.

१० फेब्रु. उरणचं मोरा बंदर. लाँचची वाट पाहून राहिलो.
सकाळच्या लाँचनं इकडे आलो, उलट्या करत. पुढे टांगा. भाताची कापलेली वावरं, वालाच्या शेंगा, ताडाची झाडं, अन् मग सपाट मिठागरं, नजर पोचते तिथवर. उंच असं काहीच नाही. मी मनात म्हटलं, बरोबर जागा शोधली पोट्ट्यानं.
दिनू दिसला. काळा ठिक्कर. मिठानं पाय फुटलेले. पाया पडला, अन् पहिला प्रश्न, "कमल कशी आहे?" मी म्हटलं, "आज-उद्यावर आली. चाल." तर म्हणे, "कोणत्या तोंडानं येऊ ताई? मावशी तिथंच राहते न?"
हे म्हणाले, चढायचं काम नको करू, रेल्वेच्या यार्डात लावू. पालथ्या घड्यावर पाणी. टांगेवाला ओरडून राहिला होता. मग माझ्या तोंडून निघूनच गेलं: "अरे, वसंतच्या मायनंच मले धाडलं. म्हणाली, दोर कोणाच्याही हातून सुटते. पोराले घेऊन ये."
दिनूनं हातातलं फावडं टाकलं. एवढा रडला की मुकादम धावत आला. मग डोळे पुसून म्हणे, "तुमी पुढं व्हा, मी कपडे घेऊन आलोच."
टांग्यात ह्यांनी विचारलं, "म्हातारी तुले हे कधी बोलली?" मी म्हटलं, "आधी घरी तर येऊ द्या त्याले."
लाँच धक्क्याले लागली. अन् तो पाहा, दिनूच. डोक्यावर पेटी, पळत. ह्यांनी हात केला. दिनू हसून राहिला, किती महिन्यांनी. हातात एक पुडकं दिसते. जवळ येऊन म्हणते, पांढरं मीठ आणलं, मावशीसाठी.