शांततेचे आठ स्पीकर

ता. ४ नोव्हेंबर

ती. ताईस, एकेकाळच्या मधल्याचा आणि आता धाकट्याचा सा. न. वि. वि.

स्मारकावर शांतता बसवायला काय काय लागलं, ते आधी सांगतो. आठ स्पीकर, एक अँप्लिफायर, रंग बदलणाऱ्या दिव्यांची माळ, एक कारंजं आणि उद्घाटनाला एक मंत्री. हे झालं कागदावरचं. कागदावर नाही ते असं, की मागचं जुनं झाड गेलं आणि त्याखालचा तुझा बाक गेला. पानं कारंज्यात पडतात म्हणून झाड तोडलं, आणि सावलीच नाही तर बाक कशाला म्हणून बाक उचलला.

फोनवर मी ओरडतो अशी तुझी तक्रार, म्हणून पत्रच लिहितोय. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी लेकीकडे जाताना तू बजावलं होतंस, की दर रविवारी माझ्या जागी जाऊन बसत जा, आपल्या धाकट्या घुम्याला एकटं वाटायला नको. नेमानं बसतोय, बाक नाही म्हणून स्मारकाच्या पायरीवर. पण बसवत नाही. जागेचं नाव आता ‘शांतचिंतन परिसर’. फाटकातून पाऊल टाकलं की बासरी सुरू होते, आणि बासरी जरा रंगात आली की एक बाई लाडिक आवाजात सांगते, की कृपया शांतता राखा. बाई थांबली की पुन्हा बासरी. दिवसभर हेच. माळी म्हणाला, की घरी बायकोनं हाक मारली तरी त्याला आता तीच बाई वाटते.

ह्याहून ओंगळ प्रकार पुढे आहे. नावांच्या दगडासमोर प्लायवूडचा सैनिक उभा केलाय, छाती फुगवलेला, आणि चेहऱ्याच्या जागी भोक. मागे जायचं, भोकात तोंड घालायचं आणि फोटो काढायचा. काल एक गृहस्थ जीभ बाहेर काढून उभे होते, पाठ दगडाला टेकलेली, बरोबर घुम्याच्या नावावर. मला बघवलं नाही, ताई. जो पोरगा घरात दिवसाकाठी दोन वाक्यं बोलला तरी आपण एकमेकांकडे बघायचो, त्याच्या डोक्यावर हा तमाशा.

समितीच्या अध्यक्षांकडे गेलो. तेच ते, भाषणात टाळ्या कुठे वाजवायच्या हे स्वतःच सांगणारे. त्यांनी चहा पाजला आणि हसत म्हणाले, की स्पीकरचं काम दुसऱ्या दुकानाला गेलं, तुम्हाला वाईट वाटणं साहजिक आहे. मी म्हटलं, की तो प्रश्न नाही. त्यांनी डोळा मारला. गावातही सगळ्यांना हेच वाटतंय.

तसं काम भिकारच केलंय. डावीकडच्या स्पीकरचा पडदा फाटलाय, हे मला चौकातूनच कळलं. स्टुलावर बसून लोकांचे रेडिओ दुरुस्त करत हे दुकान उभं केलं ते याच कानांवर. फाटका पडदा मी अर्ध्या मैलावरून ओळखतो. असा उजवा कान या गावात दुसरा नाही.

लोभ आहे तेवढा पुरे, वाढवलास तर त्यालाही हे लोक स्पीकर लावतील.

तुझा
भोंग्या


ता. ९ नोव्हेंबर

चि. भोंग्यास ताईचे अनेक आशीर्वाद, त्यातला एक तुझ्या जिभेला.

पत्र वाचून आधी हसले. उभा जन्म दुसऱ्यांच्या समारंभात भोंगे लावून गावाची झोप उडवलीस, आणि आता बासरीनं तुझं डोकं उठलं. लेक म्हणाली, की मामाला ते काम मिळालं असतं तर मामानं सोळा लावले असते. मी तिला खोटं पाडलं नाही.

मग त्या भोकाचं वाचलं आणि पत्र खाली ठेवलं. घुम्याची ट्रंक आली, तो आला नाही. त्या दगडाखाली काही नाही हे मला ठाऊक आहे. तरी त्याचं नाव शोधायला मला डोळे लागत नाहीत, बोट आपोआप जातं. वॉर्डातली ड्यूटी संपली की मी तिथे जाऊन बसायची. तिथे कुणी कण्हत नसे, कुणी सिस्टर म्हणून हाक मारत नसे. तो गप्प, मी गप्प, लहानपणी जिन्यात बसायचो तसे.

बावीस तारखेला येतेय. त्याच दिवशी तार आली होती. डॉक्टरांनी एक प्रवास मंजूर केलाय, लेकीनं तोंड फुगवून. पुढे दुसरा गुडघा आहे, त्यानंतर जमेल की नाही कोण सांगणार. मला त्याच्याजवळ एक तास हवाय. सत्कार नको, बासरी नको, गप्प बसा म्हणून सांगणारं कुणी नको. तो तास मिळवून देणं तुझ्याकडे लागलं.

पत्र पोचल्याचं कळव आणि माया पातळ होऊ देऊ नकोस.

ताई


ता. १६ नोव्हेंबर

ती. ताईस सा. न., पण घाईत.

काम फत्ते. भांडून हाती काही लागणार नव्हतं, म्हणून अध्यक्षांना म्हणालो, की झालं गेलं विसरू, तुमच्या सिस्टिमची पहिली देखभाल माझ्यातर्फे फुकट. फुकट म्हटल्यावर स्वारी खुलली. दुसऱ्या दिवशी आठही स्पीकर उतरवून दुकानात आणले आणि कळवलं, की एक सुटा भाग बाहेरून मागवावा लागेल, तो येईल तेव्हा येईल. कुठला भाग ते त्यांनी विचारलं नाही आणि मलाही ठाऊक नाही. पडदे मात्र आठही शाबूत निघाले. असो. प्लायवूडच्या सैनिकाला वाळवी लागेल असं सांगून माळ्यानं त्याला फावड्यांच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून उभा केलाय. तोंड म्हणजे भोकच.

अध्यक्ष माइकवर तुझा सत्कार करणार होते. तिचा घसा बसलाय, असं ठोकून दिलं.

पण एक घोळ आहे. परवा संध्याकाळी जाऊन बसलो, तर सूं असा बारीक आवाज, अखंड. कुठेतरी काहीतरी चालू राहिलंय. कारंज्याची मोटर बंद करवली, आवाज आहेच. वायरमनला बोलावून दिव्यांचा फ्यूज काढला, तरी आहे. वायरमन म्हणतो, की त्याला काही ऐकू येत नाही. त्याचे कान ते काय! अध्यक्षांनी पायरीखाली काहीतरी पुरून ठेवलंय, पैज लावतो. त्या माणसाची आता मला शिसारी आलीय. सूं सापडेपर्यंत येऊ नकोस. तुला तास द्यायचा तर स्वच्छ द्यायचा, खरकटा नाही.

लोभात खरखर येऊ देऊ नये, ही विनंती.

तुझा
भोंग्या


ता. २५ नोव्हेंबर

चि. भोंग्यास आशीर्वाद, आणि थोडी बोलणी.

येऊ नकोस म्हणालास तरी आले, ते बरं केलं. परत नीट पोचले. गुडघा सुजलाय. लेकीनं बर्फ आणि बोलणी एकदमच दिली, त्यातली बोलणी तुला पाठवतेय.

आधी अध्यक्षांचं. घसा बसलाय म्हटल्यावर ते माइकऐवजी फोटोग्राफर घेऊन आले. म्हणाले, की बोट भावाच्या नावाखाली धरा. धरलं. म्हणाले, की उजेड कमी आहे, पुन्हा धरा. तेही केलं. मग म्हणाले, की जरा डोळे पुसल्यासारखं करा. मी आयुष्यभर लोकांच्या जखमा धुतल्या, कधी नाक मुरडलं नाही. त्या क्षणी मुरडलं. तू त्या बाईची नक्कल करून दाखवली होतीस, त्याच सुरात म्हटलं, की कृपया शांतता राखा. फोटोग्राफरला हसू आवरेना, आणि त्याच्या हसण्यानं अध्यक्ष निघाले.

मग आपण दोघं बसलो. भोंग्या, तिथे आवाज नव्हता. माळ्याचा झाडू थांबला, तर तो थांबल्याचंही कळलं. तू मात्र उठून पायरीला कान लावत होतास, परत येऊन विचारत होतास, की येतोय ना, येतोय ना. माळी तुझ्या उजव्या हाताला उभा राहून विचारत होता, की ताईंना खुर्ची आणू का. तू वळलाच नाहीस. मीच हातानं नको म्हटलं. माझा अर्धा तास घुम्याकडे गेला आणि अर्धा तुझ्याकडे बघण्यात. तिथे बोलले नाही, कारण तू माझ्याचसाठी धडपडत होतास, आणि घुम्यासमोर तुला मान खाली घालायला लावणं मला जमलं नसतं.

आता लिहिते. ती सूं पायरीखाली नाही, तुझ्या कानात आहे. भोंग्यांजवळ आणि यंत्रांजवळ जन्म काढलेली माणसं मी वॉर्डात पाहिलीत. फोनवर तू का ओरडतोस, तेही आता कळलं. कानाच्या डॉक्टरांना दाखव. माझी काळजी करू नकोस, अर्धा तास मिळाला, तो पुरला.

माया आहे. ती आहे का, हे ओरडून विचारू नकोस.

ताई


ता. ६ डिसेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

स्मारकाच्या फाटकापाशी आता तुझा फोटो लावलाय. म्हणजे अध्यक्षांचा. मान तुकवलेले, हात जोडलेले अख्खे अध्यक्ष, आणि कडेला दगडावर एक बोट. बोट तुझं. बाकीची तू कापली गेलीस. खाली लिहिलंय, ‘हुतात्म्याच्या कुटुंबासमवेत’. बघितलं आणि रस्त्यापलीकडे जाऊन थुंकून आलो.

सुट्या भागाची वाट अध्यक्षांना बघवली नाही. नवे स्पीकर आणले, आठाचे बारा. सैनिकही परत जागेवर आहे, बुटांना चकचकीत रंग मारलाय. ज्या माणसाच्या डोक्यातून हे निघतं त्याच्या डोक्यात हात घालायची वेळ आली, तर मी आधी हातमोजे मागेन.

सूंचं तू म्हणालीस ते खरं. घरी उशीखाली डोकं घालून पाहिलं, तिथेही ती आहेच. म्हणजे तेवढ्यापुरते अध्यक्ष निर्दोष. पण सूं वेगळी आणि कान वेगळे. तुझा शब्द मोडू नये म्हणून डॉक्टरांकडेही गेलो. त्यांनी काचेच्या खोलीत बसवलं, हेडफोन घातले आणि सांगितलं, की आवाज आला की बटण दाबा. डावीकडे आले तसे दाबले. उजवीकडचा हेडफोन बंदच पडलेला. बाहेर येऊन त्यांना म्हटलं, की तुमची उजवी बाजू मेलीय, द्या इकडे, दुकानात नेऊन करून देतो, फुकट. डॉक्टर सज्जन माणूस. म्हणाले, की आधी आमच्या कंपनीच्या माणसाला दाखवतो, तुम्ही पुन्हा या.

एक राहिलं, आणि त्याचीच मला सगळ्यांत जास्त किळस येतेय. या रविवारी बसलो होतो. बासरी चालू, बाई शांतता राखायला सांगतेय, आणि माझी सूं कुठल्या कुठे गेली. ते सगळं बंद असलं की घुम्याजवळ मला फक्त सूं ऐकू येते. आता त्या बाईमुळे मला तिथे जरा स्वस्थ बसता येतं. घुम्याला हे सांगितलं. तो काही बोलला नाही, नेहमीसारखा.

लोभ असावा. बारीक आवाजात असला तरी चालेल, मला ऐकू येतो.

तुझा
भोंग्या

ता. क. पत्र टाकायचं राहून गेलं. आज डॉक्टरांकडे परत जाऊन आलो. हेडफोन बिघडलेला नव्हता.