सातखणी आणि सातवं घर

लालबाग, मुंबई १२
रविवार, ता. २३ नोव्हेंबर १९५८, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटं

राजमान्य राजेश्री शामरावदादा यांस,

लालबागहून कोंडीरामचा नमस्कार. हे पत्र ज्या टेबलावर लिहितो आहे ते मी केलेलं आहे. ज्या खुर्चीवर बसलो आहे तीही मीच केली. समोरच्या घड्याळाचं यंत्र चोरबाजारातलं असलं तरी पेटी माझी, लंबक माझा, आणि ते चालतं तेही माझ्यामुळेच. शिवाय खाट एक, मोरीवरची पाण्याची टाकी एक (तोटी थेंबभर गळत नाही), उंदरांचा पिंजरा एक (उंदीर अद्याप सापडलेला नाही, पण दार अचूक पडतं) आणि शिसवी लाटणं एक. हे लाटणं गेल्या वर्षी करावं लागलं, कारण घरातलं जुनं लाटणं तीन आठवडे बेपत्ता होतं. त्याचा उलगडा पुढं येईल. हे सगळं मराठी चौथी शिकलेल्या माणसाच्या हातचं आहे. इंग्रजी वाचायला शिकलो ते यंत्रांच्या कॅटलॉगांवरून, हे आपण जाणताच. असो. आपला दमा कसा आहे? थंडी पडू लागली, छातीला तेल लावून शेकत जा. वहिनींचे गुडघे बरे असावेत. आणि आपली धाकटी बहीण, म्हणजे आमची बकुळा, आज सतरा दिवस माटुंग्याला आपल्याकडे आहे, तिचीही प्रकृती ठीक असेल अशी आशा करतो.

हे पत्र तिला परत बोलावण्यासाठी नाही, हे आधीच स्पष्ट करतो. तिनं आपल्याला काय सांगितलं असेल ते मला ठाऊक नाही. काहीच सांगितलं नसेल तर ते जास्त वाईट. म्हणून वस्तुस्थिती क्रमानं मांडतो, निकाल आपण द्यावा. चाळीत मी 'भाऊबीजेला गेली आहे' एवढंच सांगितलं होतं. भाऊबीज होऊन गेली. आता शेजारच्या सुंदराबाई नळावर सगळ्यांदेखत विचारतात, "फिटरसाहेब, माटुंग्याला भाऊबीज किती दिवस चालते हो?"

या सगळ्याच्या मुळाशी ठकी आहे. ठकी म्हणजे आमची मांजर. आमची म्हणण्यापेक्षा बकुळाची, कारण दोन वर्षांपूर्वी ती जिन्यातून वर आली तेव्हा मांदेलीचं डोकं टाकून तिला आत घेतलं ते बकुळानं. मी विरोध नोंदवला होता. आमच्या खोलीत माणसं दोनच, पण जागा मी दोन माणसांच्या हिशेबानं बेतलेली आहे, मांजराच्या नव्हे. त्यानंतर माझं वर्तमानपत्र वाचायचं म्हणजे आधी त्यावरून ठकीला उचलायचं. पहाटे पाळीला जायच्या बरोबर पाऊण तास आधी ती माझ्या छातीवर येऊन बसते आणि नाकावर पंजा ठेवते (नखं आत असतात, हे प्रामाणिकपणे सांगतो). गजर लावायची गरज उरलेली नाही, ही एक जमेची बाजू. रविवारीही तीच वेळ, ही दुसरी. आणि घरात उंदीर नाहीत याचं श्रेय चाळ तिला देते, माझ्या पिंजऱ्याला देत नाही. याबद्दल मी कुठं बोललेलो नाही.

तर ऑक्टोबरात ठकी पोटुशी आहे हे लक्षात आलं. मांजर आपली पिल्लं सात घरं फिरवते हे आपल्या कोकणात लहान पोरही सांगेल. गेल्या वर्षी तिनं ती फिरवली तेव्हा चाळीत केवढा कहर झाला! एक पिल्लू सुंदराबाईंच्या पिठाच्या डब्यात, दुसरं कुणाच्या तरी ठेवणीतल्या फेट्यात. बकुळा म्हणाली, घमेल्यात जुनं लुगडं घालून ठेवलं की झालं. पण प्रश्न घमेल्याचा नव्हताच. मी विचार केला की, जर सात घरं फिरवणं हा मांजराचा स्वभाव आहे, तर तिला सात घरं एकाच जागी दिली तर? मग ती एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात जाईल, सात पुरी करील, आणि आमच्या उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं कारणच उरणार नाही. दादा, ही कल्पना आजवर कुणाला सुचली नव्हती. का सुचली नव्हती ते मला आता कळलं आहे.

मी ठकीची मापं घेतली. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत साडेसतरा इंच. पोटाचा घेर दर रविवारी (चार रविवार, चार ओरखडे). मग सातखणी बांधली. सात खण एका ओळीत, प्रत्येकाला कमानीचं दार, पुढं सामाईक गॅलरी, गॅलरीला सळ्या (तुटलेल्या चरख्यांच्या, गिरणीतल्या आमच्या खात्याच्या भंगारातून, परवानगीनं), आणि दारांवर एक ते सात आकडे, पितळेचे, कानशीनं घासून. चाळीतली माणसं रांगेनं बघायला आली. नुकतंच लग्न झालेल्या एकानं विचारलं, "पागडी किती?" थट्टेनं विचारलं असं मी समजत होतो, पण त्यानं तीन नंबरच्या खोलीत डोकं घालून उजेड कसा येतो तेही पाहिलं.

आता लाकूड. दादा, इथं जरा पाणी पिऊन घ्या. अशा कामाला सुकलेलं, वर्षानुवर्षं मुरलेलं सागवान लागतं आणि तसं बाजारात मिळत नाही. तसं सागवान आमच्या खाटेखाली होतं. आपल्या कैलासवासी वडिलांनी एकोणीस वर्षांपूर्वी लग्नात दिलेली संदूक. तिच्यात काय होतं? एक शालू, दोन समया, चांदीचा करंडा, जुने फोटो. बकुळा दिवाळीच्या बाजारासाठी दिवसभर बाहेर असताना मी ते सगळं काळजीपूर्वक बाहेर काढलं, खाटेवर मांडलं आणि त्याची तेवीस नगांची यादी सुवाच्य अक्षरात करून वर ठेवली. एकही वस्तू हरवली नाही. ती परत आली तोवर सहा खण उभे राहिले होते. संदुकीची पितळी कडी मी चार नंबरच्या दाराला वापरली होती, म्हणजे तिला माहेरची खूण रोज समोर दिसावी, हा हेतू. तिनं यादी वाचली. कडीकडे पाहिलं. भाकरी वाढली. एरवी ती भाकरीबरोबर मला निदान तीन गोष्टी ऐकवते.

दुसऱ्या दिवशी ती निघाली तेव्हा सामान भरायला पेटी नव्हती. तेवीस नग गोधडीत बांधून न्यावे लागले. "भरायला पेटी होती, तिची चाळ झाली," हे वाक्य तिनं जिन्यात चार बिऱ्हाडांना सांगितलं.

त्याच दिवशी ठकी व्याली. सातखणीत नव्हे, माझ्या हत्यारांच्या पिशवीत, रंधा आणि पटाशी यांच्यामध्ये. चार पिल्लं. मी ती स्वतः उचलून एक नंबरच्या खणात ठेवली, खाली कापूस, वर माझा बनियन. ठकीनं अकराव्या मिनिटाला (घड्याळ समोरच आहे) चौघांनाही मानगुटीला धरून बाहेर काढलं आणि सुंदराबाईंच्या कोळशाच्या पेटीत नेलं. घर पहिलं. तिथून ती पिल्लं सारखीच काळी होऊन निघाली आणि कुठलं कुठलं हे ठरवायला मला त्यांना पुसावं लागलं. घर दुसरं, न्हाव्याच्या खोलीतली टॉवेलांची टोपली. तिसरं, मधल्या मजल्यावरच्या भजनी मंडळाचा फुटका पखवाज. मी वहीत वेळ आणि जागा टिपत मागोमाग फिरत होतो. लोक हसत होते. शास्त्रीय निरीक्षण कसं करतात हे लोकांना ठाऊक नसतं.

चौथं घर समितीच्या शाखेची खोली. आपण आमच्या भागात गेल्या रविवारी नव्हता, म्हणून सांगतो. संध्याकाळी मोर्चा निघायचा होता. शाखेचा चिटणीस आनंदा, ज्याचा आवाज कर्ण्याशिवायही नाक्यापर्यंत जातो, त्यानं चाळीच्या दारात तीनशे माणसांसमोर गुंडाळलेला फलक उघडायचा हुकूम दिला. दोन्ही बाजूंनी काठ्या ओढल्या, फलक ताणला गेला, त्यावर 'मुंबईसह' एवढं दिसलं आणि त्यापाठोपाठ चार पिल्लं खाली पडली (मी खालीच उभा होतो, तीन झेललेली आहेत). आनंदा ओरडला, "शुभशकुन आहे! चारही आली!" आणि तिथल्या तिथं बारसं झालं: मुंबई, वऱ्हाड, मराठवाडा आणि बेळगाव. ठकी मुंबईला तोंडात धरून मोर्चाच्या पुढं चालू लागली. पोलिसांची गाडी थांबली. इन्स्पेक्टरनं मांजर जाईपर्यंत वाट पाहिली, आणि मोर्चालाही पाहायला लावली. मी झेललेल्यांपैकी उरलेली दोन खिशांत घालून घरी आणली. गडबडीत बेळगाव राहिलं. ते मी न झेललेलं. ते वरच्या मजल्यावरच्या कमळाबाईंनी पदरात उचललं आणि आजतागायत त्यांच्याकडेच आहे. आनंदा शिष्टमंडळ घेऊन दोनदा गेला. त्या दार उघडत नाहीत.

पुढं पाचवं घर, सहावं घर. आणि मग ठकी थांबली. म्हणजे थांबली असं नाही. ती एक पिल्लू तोंडात धरून आमच्या खोलीत येई, सातखणीच्या सातही दारांवरून सरळ पुढं जाई, खाटेखाली शिरे, तिथल्या रिकाम्या जागेत उभी राही, आणि पिल्लू तसंच घेऊन परत जाई. दिवसातून बावीस वेळा (बुधवारचा आकडा). माझ्या हातचा मासा खाईना. पिल्लांचं दूध आटायला लागलं. मराठवाडा सगळ्यात हाडकुळं, ते तर रडायचंही बंद झालं.

दादा, आयुष्यात यंत्र बिघडलं तर मी कुणाला विचारायला गेलो नाही. बुधवारी संध्याकाळी मी कमळाबाईंच्या दाराशी जाऊन उभा राहिलो. म्हातारी मालवणची, तोंडाची तिखट. बेळगाव त्यांच्या मांडीवर झोपलेलं होतं.

"कोंडीरामा, सात खोले बांधलंस," त्या म्हणाल्या, "पण माजराक इचारलंस काय?"

मी म्हटलं, मांजराला काय विचारायचं.

"आणि बायलेक?"

बायकोलाही विचारलेलं नव्हतं. मग त्यांनी सांगितलं ते असं की, गेल्या वर्षी सातवं घर ठकीला सापडलं ते आमच्याच खाटेखाली. संदुकीत. बकुळानं शालू बाजूला सारून तिला जागा केली होती, आणि वारा राहावा म्हणून झाकणाला लाटणं लावून ठेवलं होतं. तीन आठवडे. मी त्या खाटेवर वर झोपत होतो, खाली पाच जीव होते, आणि मी, ज्याला लेथवरचा केसाएवढा फरक नुसत्या बोटाला कळतो, तो लाटणं कुठं गेलं म्हणून शिसवी लाटणं घासत बसलो होतो. म्हणजे सात घरं बांधायला मी मोडलं ते तिचं सातवं घर.

मी सातखणी मोडली. गुरुवार, शुक्रवार, शनिवार, पाळी सुटल्यावर. त्याच फळ्यांची परत संदूक केली आहे. खरं सांगायचं तर ती आधीची राहिलेली नाही. मूळची छत्तीस इंच लांब होती. करवतीत गेलेलं लाकूड परत येत नाही, त्यामुळे आता साडेतीस. पुढच्या बाजूला कमानींची सात भोकं होती, ती मी त्याच सागवानाचे तुकडे कापून बुजवली आहेत, पण सांधे दिसतात. लपवता आले असते, लपवले नाहीत. कडी मूळ जागी बसवली आहे. काल रात्री झाकणाला लाटणं लावून (जुनं, बकुळाचं) मी संदूक खाटेखाली सरकवली आणि खुर्चीवर बसून राहिलो. बावीस मिनिटं लागली. मुंबई आली, वऱ्हाड आलं, शेवटी मराठवाडा. ठकी आत वळसा घेऊन बसली आणि तिनं माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यानं मला भाकरी वाढतानाच्या त्या दिवसाची आठवण करून दिली. मराठवाडा पहाटे रडलं. एवढं मोठ्यानं, की सुंदराबाईंनी भिंतीवर थाप मारली.

वस्तुस्थिती इथं संपते. मुलांना आशीर्वाद. वहिनींना नमस्कार.

आपला,
कोंडीराम

ता. क. आपण मला ओळखता, मी कुणाची मनधरणी करत नाही. पण कमळाबाई म्हणतात की बेळगाव त्या फक्त बकुळाच्या हातात देतील, माझ्या नाही, आनंदाच्या नाही, सरकार आलं तरी नाही. "आदी तुझा घर एक कर, मगे राज्याचा बघ," असंही म्हणाल्या. चाळीच्या दृष्टीनं हा प्रश्न फार दिवस असा ठेवणं बरं नाही. कोणी माटुंग्याहून इकडे येणार असल्यास कळवावं. सामान आणायला मी स्वतः स्टेशनवर येईन, संदूक घेऊन. (पिल्लं तेवढा वेळ घमेल्यात राहतील. बकुळा म्हणाली होती ते बरोबर होतं, हे तिला सांगावं.)

ता. क. दुसरा. यादी करायला नको होती, हेही सांगावं.

ता. क. तिसरा. गुरुवारी दुपारी, मी पहिला स्क्रू काढायच्या आत, शिवडीच्या धान्याच्या गोदामाचे मालक माझ्या दारी आले होते. त्यांच्या गोदामात मांजरं सात, भांडणं रोज. त्यांनी सातखणीभोवती तीन फेऱ्या मारल्या, कमानींवरून हात फिरवला, आणि असं काम आपण विलायती कॅटलॉगातही पाहिलं नाही असं म्हणाले. आजवर हे मला कुणी म्हटलेलं नाही. मग त्यांनी जागच्या जागी पाकीट काढलं. मी त्यांना म्हटलं, लाकूड माझं नाही. हे बकुळाला सांगू नये. सांगितलंच तर आकडा मात्र बरोबर सांगावा: एकशे एक्कावन्न रुपये, रोख.