अनसाच्या डोळ्यांचं औषध

चाकण, शनिवार, १२ नोव्हेंबर १९५५

बाजाराचा दिवस. दवाखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. खोकल्याचं मिक्श्चर दोनदा करावं लागलं. चारच्या सुमाराला खालच्या वाडीचे धोंडिबाआबा सुनेला घेऊन आले. सून अनसा, विशी-बाविशीची, पाचवा महिना. नवरा पिंपरीला कारखान्यात, सुट्टीला तेवढा घरी येतो. तक्रार सुनेची नव्हतीच, सासऱ्यांची होती. म्हणे, दिवस मावळला की पोरगी भिंत चाचपत चालते. परवा चरवीत ओतायचं दूध चुलीत ओतलं. ती मान खाली घालून म्हणाली, डुलकी लागली होती.

डॉ.नी पापणी वर करून मलाही बोलावून दाखवलं. बुबुळाच्या बाजूला, पांढऱ्यावर, साबणाच्या फेसासारखा कोरडा ठिपका. अंगात अ जीवनसत्त्व राहिलेलं नाही त्याची ही खूण. आज रातांधळेपणा, असंच राहिलं तर उद्या दिवसाही दिसायचं नाही. पोटातल्या जिवालाही तेच हवं असतं.

वर आणखी एक. आधीचे दोन गर्भ चौथ्या महिन्यात गेले. म्हणून या खेपेला तिनं नवस बोललाय: पाळण्यात मूल पडेपर्यंत पालेभाजी खायची नाही. शेवग्याचा पाला तिच्या जिवाचा, म्हणून पाल्यावरच नवस. आणि हा अ नेमका पाल्यात खच्चून भरलेला. डॉ. कपाळाला हात लावून बसले.

मग माशाचं तेल लिहून दिलं, रोज एक चमचा. आता पंचाईत अशी की सासरा-सून दोघांच्या गळ्यात तुळशीची माळ. डॉ. म्हणाले, "नीट समजावून दे," आणि पुढच्या रोग्याकडे वळले.

समजावलं नाही. उद्या बाटली तयार ठेवतो, टॉनिक आहे, एवढंच म्हणालो.

१३ नोव्हें.

सकाळी खलात डिंक घोटला, तेल थेंबथेंब सोडत गेलो. हात थांबवायचा नाही, दिशा बदलायची नाही. जमलं की खलातून चट्चट् आवाज येतो. आज असा आला की बासच. दुधासारखं पांढरंशुभ्र झालं. वर संत्र्याचं सिरप, वेलदोड्याचा अर्क. माशाचा मागमूस नाही. इतकी वर्षं कंपौंडरकी करतोय, इतकं सुरेख कधी झालं नव्हतं. आबा येऊन घेऊन गेले.

आम्ही रत्नागिरीकडची माणसं, ज्यातून असं तेल निघतं ते मुशी माशाचं काळीज आमच्याकडे चवीनं खातात. त्यात एवढं काय, असं मनाशी म्हटलं. दोनदा म्हटलं.

१५ नोव्हें.

डॉ.चं जाड पुस्तक आणलंय. इंग्रजी अडखळत वाचतो. पण काय एकेक आहे! हा अ दिवसाला मोहरीच्या दाण्याइतकासुद्धा लागत नाही, आणि तो नसला तर माणसाला दिवेलागणीला स्वतःचा उंबरठा दिसत नाही. लोह कमी पडलं की पोरी पांढऱ्याफटक होतात, जिना चढताना बसतात. चुना कमी पडला की हाडं वाकतात. आमची आई नाचणीची भाकरी थापायची तेव्हा त्या भाकरीत चुना आहे हे तिला कुणी सांगितलं होतं? आणि तिची बत्तीशी शेवटपर्यंत शाबूत.

हे सगळं कुणीतरी शोधून काढलं. कुठल्या कुठे बसून, एकेक घास तपासून. अशा माणसांच्या पाया पडावंसं वाटतं.

२२ नोव्हें.

गुण आला! आबा आठ दिवसांनी आले, बरोबर परसातल्या वालपापडीची टोपली. अनसानं काल दिवेलागणीला वासराचा दोर स्वतः शोधून बांधला. आबा फार बोलणारे नव्हेत. एवढंच म्हणाले, "भाऊ, तुमच्या हाताला गुण हाय."

मी हसलो. वालपापडी घरी नेली.

२४ नोव्हें.

सौ.ला सगळं सांगून बसलो. वाटलं, कौतुक करील. ती वालपापडी सोलत होती, सोलायची थांबली. म्हणाली, "तुम्हाला कुणी न सांगता काही खाऊ घातलं असतं तर?"

मी म्हटलं, तिचे डोळे वाचले. ती म्हणाली, ते झालंच, मी दुसरंच विचारते आहे.

भाजी केली. मी ती ताटात तशीच ठेवली.

५ डिसें.

लिहायला हात होत नाही, पण लिहितो.

दुपारी दवाखाना रिकामा असताना आबा आले. बाटली काउंटरवर ठेवली, निम्मी भरलेली. बाकावर बसले, पागोटं काढून मांडीवर ठेवलं. म्हणाले, चार दिवस झाले, वाडीतली सगळी मांजरं आमच्या फडताळाखाली येऊन बसतात. शेजारीण हसून विचारून गेली, माळकऱ्याच्या घरी मांजरांचा बाजार कसला भरलाय?

माझं सुंदर टॉनिक! मला स्वतःला फसवता आलं, आबांना फसवता आलं. बोक्याला नाही.

"मासळी हाय का ह्यात?" त्यांनी विचारलं.

हो म्हटलं. आणखी काय म्हणणार?

मग, "पोरीला म्हाईत हाय?"

"नाही."

"मंग पाप तुमचं आन् माजं. तिचं न्हाई." पागोटं घातलं आणि गेले. बाटली तिथेच.

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

६ डिसें.

डॉ.ना कबूल केलं. त्यांनी मला फैलावर घेतलं, मग स्वतःलाही. म्हणाले, काय चालत नाही तेवढंच आपण ऐकलं. काय चालतं ते विचारलंच नाही. गाजर काय पाला आहे? लाल भोपळा पाला आहे? त्यांतला पिवळा रंग पोटात गेला की त्याचा अ होतो. फक्त बरोबर लोणी-तूप पाहिजे, नाहीतर अंगी लागत नाही. तेलापेक्षा सावकाश, पण होतो.

पुस्तकात हे पान मी वाचलं होतं. वाचून पुढे गेलो होतो. बाटलीच्या नादात गाजर दिसलं नाही. रातांधळा कोण, हे आता काय लिहायचं!

८ डिसें.

सायकल काढून खालच्या वाडीला गेलो. आबा शेतावर. अनसा अंगणात ज्वारी पाखडत होती. उभ्याउभ्याच सांगून टाकलं: त्यात मासा होता, मी लपवलं, चूक माझी.

तिनं सूप खाली ठेवलं. म्हणाली, "भाऊ, माजं माहेर नदीकाठी. शेजार मासे धरणाऱ्या भोयांचा. मला त्यो वास कळत न्हाई व्हय? पयल्या चमच्यालाच कळलं."



मग तिनं दाखवलं. देवळीशेजारी एक खुंटी आहे. रोज सकाळी माळ काढून त्या खुंटीवर ठेवायची, चमचा प्यायचा, चूळ भरायची, तुळशीचं पान चावायचं, मग माळ परत गळ्यात. "इठोबाला म्हणलं, देवा, येवढा चमचाभर तू बगू नगंस. मला बगू दे."

ही पोरगी अडाणी, अंगठा उठवते. मी सोळा वर्षं दवाखान्यात आहे. तिच्या देवाशी तिनं केलं तेवढं सरळ बोलणं मला तिच्या सासऱ्याशी करता आलं नाही.

पण आता पिणार नाही म्हणाली. आबांना ठाऊक नव्हतं तोवर ठीक होतं. आता त्यांच्या घरात त्यांच्या डोळ्यांदेखत नाही. आणि मला शपथ घातली: तिला आधीच कळलं होतं हे आबांना सांगायचं नाही. "पोरीचं पाप न्हाई म्हणून त्यांस्नी झोप लागती."

गाजर, भोपळा, लोणी सगळं समजावून सांगितलं. या खेपेला खरंच समजावलं.

१७ डिसें. बाजार

आबा दिसले. डोक्यावर गाजरांचं ओझं, काखेत हा एवढा भोपळा. माझ्याशी बोलले नाहीत, पण थांबले. भोपळ्यावर पहिली सुरी बाईनं घालायची नसते, म्हणून घरी ते स्वतः भोपळा फोडतात. गाजरंही तेच किसतात असं वाडीतून येणाऱ्या एका रोग्यानं सांगितलं. गाईचं लोणी विकायचं बंद. साठीचा माणूस चुलीपाशी बसून सुनेसाठी गाजर किसतो, आणि वाडी हसते तर हसू देतो. हे माझ्याच्यानं झालं नसतं.

२ जाने. १९५६

अनसाला संध्याकाळी पुन्हा अंधुक. तेल सुटल्याला चार आठवडे. डॉ. म्हणतात, वाट बघू, ठिपका वाढलेला नाही. मी दिवसातून तीनदा तेच विचारतो. आज खेकसले.

१९ जाने.

वाडीला जाऊन आलो. दिवेलागणीला आबा तिची परीक्षा घेतात. ते लांब बांधावर उभे राहतात, शेळ्या हाकत आणतात, तिनं अंगणातून मोजायच्या. गेल्या आठवड्यात सातातल्या चार दिसल्या. आज सहा. सातवी काळी आहे, ती मलाही दिसली नाही. आबा बांधावरून ओरडले, "किती?" ती म्हणाली, "सहा, आन् एक असंल." आबा हसले. हसताना पहिल्यांदाच पाहिले.

गाजरानं हे केलं. गुरांना घालतात त्या गाजरानं!

परत निघताना आबांनी सायकलला हात लावून थांबवलं, हँडलला मुळ्यांची जुडी बांधली. सौ. म्हणाली, हे खा आता निवांत.

१२ फेब्रु.

ऊन वाढलं. बाजारात आलेली गाजरं दाठर, आत लाकूड. पुढच्या आठवड्यात तीही नाहीत. आबांकडे भोपळे दोनच उरलेत. नवस अजून उभा, आणि पुढच्या महिन्यात दिवस भरतील. डॉ.नी ठिपका पाहिला, कमी झालाय, गेलेला नाही. शेवटच्या महिन्यात बाळ सगळं ओढून घेतं, म्हणाले.

१६ फेब्रु.

आबा आले. हातात तीच बाटली; आतलं निम्मं टॉनिक मी डिसेंबरातच ओतून टाकलं होतं आणि रिकामी बाटली त्यांची म्हणून परत पाठवली होती. आता राखेनं घासून लख्ख केलेली. काउंटरवर ठेवली.

"भरून द्या."

मी त्यांच्या गळ्यातल्या माळेकडे बघितलं असणार, कारण ते म्हणाले, "भाऊ, खुंटीवर माळ असायची. मी काय आंधळा हाय? पोरगी माळ काढायला लागली की मी गोठ्यात जायचो. मांजरांनी गलका केला, शेजारपाजार बोलाया लागला, मंग मला यावंच लागलं."

पाप तुमचं आन् माजं, हे ते म्हणाले होते तेव्हा तिच्यावरचं पाप स्वतःवर उतरवून घ्यायलाच आले होते. आणि मी अडीच महिने त्यांना रागावलेला माणूस समजत होतो.

म्हणालो, तिला काय सांगू?

"माजं नाव घिऊ नगा. डाक्तरनं धाडलं म्हणा. सकाळी वासरू सोडायला मी गोठ्यात असतो. तवाच ठिवून जा." दारात थांबून म्हणाले, "बूच घट्ट बसवा."

खल काढला. आज चट्चट् आवाज यायला वेळ लागला. वेलदोड्याचा अर्क घातला नाही. वास लपवायचा कुणापासून?

१७ फेब्रु.

उजाडताच वाडीला. अनसानं बाटली घेतली, बूच काढून हुंगली, माझ्याकडे बघितलं. डॉक्टरांनी पाठवली म्हटलं. तिला पटलं नसावं. काही न विचारता ती खुंटीकडे गेली. पोट आता पार खाली आलंय, देवळीचा आधार घेत चालते. अजून महिना आहे. बाळ राहील ना, नजर राहील ना, मला काही सांगता येत नाही, पुस्तकालाही नाही.

सायकलवर बसताना गोठ्याकडे पाहिलं. आबा आमच्याकडे पाठ करून उभे होते. वासरू केव्हाच सुटून गाईला लुचत होतं, आणि आबा अजून हातातला दोर सोडवत होते.