सशाला जरा घाई करायला सांगा

प्रिय बाबा,

आज कोजागिरी. आणि संध्याकाळी शेजारचे भाऊ तुम्हाला शोधत आले होते! हो, तेच, मीराच्या मैत्रिणीचे, लिनचे चिनी आजोबा. तुम्ही त्यांना भाऊ म्हणायला लागलात आणि इथे आयर्लंडात, नावन गावी, सगळ्या गल्लीत त्यांचं तेच नाव पडलं. तुमचं तेरावं आटोपून मी नागपूरहून परवाच परत आले, त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. आता सांगा, मी काय करायचं होतं?

तुमची दोघांची ओळखही कोजागिरीचीच, आठवतं? तुम्ही मागच्या पायरीवर दुधासाठी वेलची कुटत होतात. कुंपणापलीकडून हा माणूस तुमच्या खलबत्त्याकडे बोट दाखवी, मग चंद्राकडे, मग डोक्यावर दोन बोटांचे कान करून टुणटुण उड्या मारी. "अगं चिमे, याला काय होऊन राहिलं?" तुम्ही घाबरून मला हाक मारलीत. शेवटी लिन आणि आपली मीरा, दोघींनी इंग्रजीतून उलगडा केला. त्यांच्या गोष्टीत चंद्रावरचा ससा अमर होण्याचं औषध कुटत असतो.

"आमच्याकडेही ससाच आहे," तुम्ही म्हणालात, "पण आमचा नुसता बसून राहिला!"

काय बोलायचात हो तुम्ही दोघं तासन्‌तास? त्यांना इंग्रजी येईना, तुम्ही नागपुरी सोडेनात. त्यांनी हातवारे करून त्यांच्या गोष्टीतला चंद्रावरचा बेडूक दाखवला, की तुम्ही उंदरावरून पडलेला गणपती आणि त्याला हसणारा चंद्र दाखवायचात. "आजोबा, यू आर मेंटल!" मीरा म्हणायची.

आणि ते ग्रहण! भाऊंच्या मते आभाळातला कुत्रा चंद्र खातो, आवाज केला की पळतो. तुम्ही जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलेले. तरी चंद्राचा जरासा लचका तुटलेला दिसला आणि माझं नवंकोरं पातेलं घेऊन तुम्ही अंगणात! समोरच्या बाई ड्रेसिंग गाऊनमध्येच बाहेर आल्या, "ऑल ग्रँड, लॅड्स?" म्हणजे सगळं ठीक ना, विचारत. तुम्ही म्हणालात, "डॉग, डॉग!" त्या बिचाऱ्या गल्लीभर कुत्रा शोधत फिरल्या. किती चिडले होते मी तुमच्यावर! पातेल्याला पोचा पडलाय तो पडलाच.

पण खरा राग वेगळाच आहे, बाबा. छातीत दुखत होतं तर मला का नाही सांगितलंत? पोरीला उगाच घोर नको म्हणून? भाऊंना मात्र नागपूरला परत जाताना वचन देऊन गेलात. त्यांचा चंद्राचा सण एरवी आपल्या कोजागिरीच्या महिनाभर आधी येतो. यंदा दोन्ही एकाच दिवशी येणार होते, तेव्हा नक्की येतो म्हणालात.

म्हणून आज ते डबा घेऊन दारात उभे. चंद्रासारखे गोल केक, तुमच्यासाठी बिनअंड्याचा वेगळा, वर ससा उमटवलेला. "बाबा?" त्यांनी माझ्या मागे डोकावून विचारलं. मी दार पूर्ण उघडलं. हात धरून त्यांना आत नेलं.

तुमचा फोटो, हार, समई. भाऊ फोटोसमोर जाऊन उभे राहिले. मग एका तळहातावर मुठीनं हळूहळू कुटल्यासारखं केलं, खिडकीबाहेर पाहिलं आणि मान हलवली. सशाचं औषध वेळेत झालं नाही. मी ओक्साबोक्शी रडले. नागपुरात सगळ्यांसमोर एवढं रडूच आलं नव्हतं हो.

नंतर दूध आटवलं. तुमचा खलबत्ता काढला, तर भाऊंनी तो माझ्या हातातून घेतला आणि वेलची त्यांनीच कुटली. बाहेर ढग, दुधात चंद्र काही पडला नाही. तरी आम्ही सगळे प्यालो. पहिला पेला आणि तो सशाचा केक तुमच्यापुढे ठेवलाय.

एक शब्द देते, बाबा. पुढच्या ग्रहणाला भाऊ एकटे नसतील. तुमचं ते पोचा पडलेलं पातेलं घेऊन मी त्यांच्या शेजारी उभी असेन, समोरच्या बाई काही का म्हणेनात. कुत्र्याचं मी बघते. तुम्ही आता तिकडेच आहात, तर त्या सशाला जरा घाई करायला सांगा. भाऊही थकलेत.

तुमची,
चिमी