डावी टाकी व माझी इतर मालमत्ता

मी, खाली सही करणारी, वय त्रेपन्न, शिक्षण चौथीपर्यंत, धंदा पत्र्याचं काम, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसं तपासून लिहून दिलं आहे, तो कागद सोबत जोडला आहे. कुणाचा दबाव नाही. घरातल्या दोघांचा दबाव होता, तो हे लिहू नये म्हणून होता. वकिलांनी मसुदा करून दिला होता, पण त्यात ‘सदरहू’ इतक्या वेळा आलं की नक्की कोण मेलं ते मलाच कळेना. म्हणून माझ्या शब्दांत लिहिते. अर्थ तोच धरावा.

कारण असं. उद्या रविवारी सकाळी मी माझ्या मोठ्या नणंदेबरोबर, म्हणजे वन्संबरोबर, घरी बांधलेल्या दोन सीटच्या विमानात बसणार आहे. विमानाचे सुटे भाग खोक्यांतून आले. ते आम्ही दोघींनी वन्संच्या शेडमध्ये सहा वर्षं खपून जोडले. वन्संकडे विमान चालवायचं रीतसर लायसन आहे. नियमाचे पहिले तास त्यांनी एकटीने पुरे केले. आता दुसरी सीट मोकळी आहे.

कलम १. दुकानामागच्या दोन खोल्या नवऱ्याला. आमचे हे शिंपी आहेत, खिडकीजवळचं मशीन त्यांना सवयीचं आहे, तिथून त्यांना कुणी हलवू नये. मोरीचा नळ गळतो तो गळू द्यावा. त्यांनी पाना हातात घेतला तर घर वाहून जाईल.

कलम २. बँकेत जे काही निघेल ते मुलीला. तिने ते स्वतःवर उडवावं. सासरी काही घेऊन दिलेलं कळलं तर मी वरून बघून घेईन.

कलम ३. दुकान आणि पत्रा वाकवायचं मशीनही मुलीलाच. चालवणार नसेल तर कामाच्या माणसाला भाड्याने द्यावं, चहाचं दुकान काढायला देऊ नये. धाकट्या भावाला दुकानातलं काही नाही. दुकान मूळचं वडिलांचं. ते गेले त्या आठवड्यात ‘बाईमाणूस हातोडा काय मारणार’ म्हणत त्याने दाराला कुलूप घातलं होतं. मी ते लोखंडाच्या करवतीने कापलं. कापलेलं कुलूप आत खिळ्याला टांगलेलं आहे. ते तेवढं त्याला द्यावं.

कलम ४. विमानातला अर्धा वाटा वन्संनी माझ्या नावे केला आहे. तो मी त्यांनाच परत देते. का ते इथे लिहून ठेवते, कारण तोंडाने मला चांगलं बोलता येत नाही.

माझ्या लग्नात वन्सं पाहुण्यांसमोर म्हणाल्या होत्या, की चौथी शिकलेल्या मुलीशी बोलायचं तरी काय. मी म्हटलं ठीक आहे, नका बोलू. चोवीस वर्षं आम्ही ‘या, बसा’च्या पुढे गेलो नाही. मग एक दिवस त्या दुकानात आल्या, माझ्या टेबलावर विमानाच्या एका भागाचा हातभर लांब नकाशा पसरला आणि म्हणाल्या, “तीन ठिकाणी दाखवला. सगळे म्हणाले, जमेल. कुठे जमणार नाही ते एकानेही सांगितलं नाही.”

मी बघितलं. कोपऱ्यात पत्रा इतका वाकवला तर फाटणार होता. तसं सांगितलं.

“कधीपासून येतेस?” म्हणाल्या.

मी अशी बाई दुसरी बघितलेली नाही. माझं काम म्हणजे आज टाकी आणली, संध्याकाळी नेली. त्या एक भोक पाडायला सकाळभर मोजायच्या. घट्ट केलेल्या प्रत्येक नटावर लाल रंगाची रेघ ओढायच्या, पुढे तो हलला तर कळावं म्हणून. एकदा एक वॉशर हातातून सुटला. नखाएवढा. माझ्या खिशात तसे दहा होते. पण तो सापडेपर्यंत, दोन तास, दोघी गुडघ्यांवर. मी वैतागून म्हटलं, वन्सं, अहो, जमिनीवरच असेल कुठे तरी. त्या म्हणाल्या, “जमिनीवर असेल तर असू दे. विमानात नाही एवढं मला बघायचंय.” त्या दिवशी मला राग आला होता. आता दुकानात काही पडलं की मीही शोधते.

कलम ५. डाव्या टाकीबद्दल.

या विमानात पेट्रोलच्या टाक्या पंखांत असतात. पत्र्याचं खोकं, आत आडवे पडदे, सगळे सांधे रिव्हेट मारून जोडायचे आणि प्रत्येक सांध्याला आतून काळा लेप. दोन डब्यांतला माल कालवून तो लेप करतात, चुइंगमसारखा चिकट, माझ्या केसांतून आठवडाभर गेला नव्हता. सगळ्यात शेवटी मागची पाटी ठोकून टाकी कायमची बंद. मग तोंडं बुजवायची, हवेच्या नळीला रबरी फुगा बांधायचा, हवा भरायची आणि वरून साबणाचं पाणी फिरवायचं. फुगा टम्म राहिला तर टाकी पास. मग पंखात बसवायची.

उजवी पास झाली. डावीची हवा भरली त्या दिवशी वन्सं विमान पास करणाऱ्या तपासणी साहेबांकडे गेल्या होत्या. मागच्या कडेच्या एका रिव्हेटपाशी साबणाचा बुडबुडा आला. मोहरीएवढा, फुटायचा, परत यायचा.

माझ्या धंद्यात थेंब दिसला की बाहेरून डाग द्यायचा. पाण्याच्या टाक्यांना मी जन्मभर तेच केलं. पण ही टाकी आतून ढकलते, बाहेरचा लेप पेट्रोल हळूहळू सोडवतं. वन्संनी हे मला दोनदा सांगितलं होतं. मला माहीत होतं. आतून करायचं तर बंद केलेली पाटी कापावी लागणार, तीन आठवड्यांचं काम पाण्यात. मी बाहेरून लेप लावला, घासून सारखा केला, वर रंग मारला.

संध्याकाळी वन्सं आल्या. फुगा टम्म होता. त्यांनी त्याला टिचकी मारली आणि मला म्हणाल्या, “शाब्बास.”

लग्नानंतर अठ्ठावीस वर्षांनी. मी रंगाचा डबा उचलून कपाटात ठेवला. दुसऱ्या दिवशी टाकी पंखात बसली.

कलम ६. हे कलम खोडलेलं आहे. बाजूला छोटी सही आहे, वकिलांनी सांगितल्याप्रमाणे. खोडण्याचं कारण देते.

महिन्यापूर्वी मी हे मृत्युपत्र लिहायला बसले, तेव्हा या कलमात लिहिलं होतं की माझ्यामागे वन्संना डाव्या टाकीचं खरं सांगावं आणि माझ्या वतीने माफी मागावी. लिहिलं, वाचलं, आणि माझी मलाच शिसारी आली. मी त्याच विमानात बसून मरणार, आणि माझ्याबरोबर कोण? वाचून दाखवायचं कुणाला? त्याआधी पंधरा तास त्या माझ्या त्या डागावर एकट्या उडल्या होत्या. आणि मी खाली उभी राहून हात हलवत होते.

पेन तिथेच टाकलं. घरच्या चपला घालून शेडवर गेले. भर दुपारी वन्सं चाकांना हवा भरत होत्या. मी एका दमात सगळं सांगितलं. बुडबुडा, लेप, रंग, सगळं. वाटलं, आता माझ्या चौथीपासून सुरू होईल.

त्यांनी पंप खाली ठेवला. हात पुसले.

“कितवा?” म्हणाल्या.

“काय कितवा?”

“रिव्हेट. आतल्या टोकाकडून कितवा?”

मी सांगितलं, सातवा. त्या पेट्रोल काढायला डबे आणायला गेल्या. एवढंच.

टाकी उतरवली, मागच्या पाटीला झरोका कापला, दिवा आत सोडला. लेपाचा माझा तुकडा अर्धा सुटलेला होता. नखाने निघाला. मी रडायला लागले तर म्हणाल्या, “रडायचं तर बाहेर जा, इथे ओलं चालत नाही.” नंतर चार दिवस त्या दिवा धरून उभ्या राहिल्या आणि काम मला करू दिलं. मी म्हटलं, वन्सं, तुम्हीच करा, माझ्या हातावर कशाला विश्वास टाकता. तर म्हणाल्या, “हात चांगलाच आहे गं. घाई तेवढी वाईट आहे. आणि ती तुझी एकटीची नाही. मीही फुग्याला टिचकी मारून मोकळी झाले. साबणपाणी परत फिरवायला हवं होतं मी.”

झरोक्यावर पत्र्याची थाळी बसवली. फुगा तीन दिवस ठेवला. विमानाच्या वहीत काय काम केलं ते त्यांनी मला लिहायला लावलं. तपासणी साहेबांनी पाहून पास केलं. त्यानंतर वन्सं परत एकट्या उडून आल्या.

कलम ७. इंजिनच्या मिस्त्रींना माझी हवेची रिव्हेट-बंदूक आणि चांगल्या कात्र्यांचा जोड. गेल्या हंगामात सीटपाशी पेट्रोलचा वास यायला लागला, तेव्हा मी चार माणसांत त्यांना म्हटलं होतं की तुमच्या सांध्याला दम नाही. बिचाऱ्यांनी तीन वेळा सगळ्या नळ्या खोलून बसवल्या. वास माझ्या टाकीचा होता. त्यांना मी हे तोंडी सांगितलं आहे. ते म्हणाले, “बाई, मला माहीत होतं, पण तुमच्यापुढे बोलणार कोण?” हे बरोबर नाही. पुढच्या वेळी बोलावं.

कलम ८. हे शेवटचं आणि सगळ्यात वरचं समजावं.

आमचे हे म्हणतात, ताईंनी तुला नादाला लावलं. मुलगी म्हणते, आत्याला काही झालं तर आम्ही सोसू, तुला झालं तर आत्याला सोडणार नाही. दोघांचा जीव आहे माझ्यावर, समजतं. पण मला कुणी ओढून नेत नाही. वन्संनी तर परवा विचारलं, “नको वाटत असेल तर खाली राहा, मला वाईट नाही वाटणार.” मीच म्हटलं, ज्या टाकीवर तुम्हाला वर पाठवलं तिच्यावर मी नको का बसायला?

उद्या मी खाली उतरले नाही, तर दोष वाऱ्याचा असेल, इंजिनचा असेल किंवा माझ्या पत्र्याचा असेल. वन्संच्या हाताचा नाही. ही गोष्ट मी शपथेवर लिहिते. त्यांच्यावर जो कुणी तक्रार करेल, कोर्टात जाईल, किंवा नुसतं चार माणसांत ‘हिच्यामुळे’ असं म्हणेल, त्याचा कलम १ ते ३ मधला वाटा त्या क्षणी रद्द, आणि तो वन्संना जावा. नवरा असो, मुलगी असो.

आणि दोघी उतरलो नाही, तर हे कलम वाचून दोघींना एकाच दिवशी निरोप द्यावा.

सही: (पूर्ण नावाची, जोडाक्षरासकट)

साक्षीदार:
१. गल्लीच्या टोकाचे डॉक्टर
२. शेजारच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. यांनी शुद्धलेखन तपासायला मागितलं होतं. दिलं नाही.

दोघांनाही या मृत्युपत्रात काही मिळत नाही आणि दोघांनी मला सही करताना पाहिलं आहे.

ठिकाण: दुकानातलं टेबल
दिवस: शनिवार, दुपारी चार. सकाळी सहाला शेडवर पोचायचं आहे.