चपलांची फळी

३ नोव्हेंबर
आलो एकदाचा रत्नागिरीत! खिडकीतून समुद्र दिसतो आणि खानावळीत रोज ताजी सुरमई. चैनच आहे. कामही मजेचं. किनाऱ्यापासून लांब एक पिवळा लोखंडी बोया, म्हणजे खोलीएवढा तरंगता पिंप, नांगरलाय. तेलाची जहाजं त्याला बांधतात आणि कच्चं तेल समुद्रतळाच्या पाइपातून किनाऱ्यावरच्या टाक्यांत जातं. खलाशांनी लाँचमधून बोयावर उडी मारून दोर अडकवायचे आणि मी साहेबासारखं बघायचं.

५ नोव्हेंबर
लाँच चालवणारा तांडेल रशीदभाई. दोर अडकवण्यात तरबेज तो त्याचा भाचा अक्रम. यांची गंमतच आहे. बोयावर जाणारा प्रत्येक जण चपला लाँचमधल्या फळीवर काढून ठेवतो, परतला की घालतो. फळी रिकामी झाल्याशिवाय लाँच हलत नाही. ‘चपला हिकडं हायत म्हंजे मानूस तिकडं हाय, सायेब,’ रशीदभाई म्हणाला. मला हसू आवरेना. उद्यापासून सगळ्यांना बूट, नारिंगी जाकीट, हेल्मेट!

६ नोव्हेंबर
अक्रमने बूट घातले, तरी अंगठा काळ्या दोऱ्याने शिवलेल्या घरच्या चपला आणून फळीवर ठेवल्याच. मी सगळ्यांदेखत त्या समुद्रात भिरकावल्या. सगळे झटक्यात कामाला लागले. धाक हवाच.

९ नोव्हेंबर
अचानक वादळ. जहाज सोडवून घाईने परत निघालो. सगळे आले का विचारलं, कुणीतरी हो म्हणालं. एकसारख्या जाकिटांत कोण कुठला कळतंय! धक्क्यावर उतरलो तर अक्रम नाही. रशीदभाई परत जाऊ द्या म्हणून गयावया करत होता. मी लाँच सोडली नाही. बुडाली असती तर नोकरी माझी गेली असती.

१२ नोव्हेंबर
समुद्र निवला. बोयावर अक्रम नाही. त्याने स्वतःला कठड्याशी बांधून घेतलेला दोर तेवढा लोंबतोय. अक्रम माझं न ऐकता मागे राहिला, असं वर कळवलं. सुटलो. जेवण छान गेलं.

१५ नोव्हेंबर
दारात ओल्या चपला. अक्रमच्या, त्याच. अंगठा काळ्या दोऱ्याने शिवलेला. कुणाची तरी चेष्टा. कचऱ्यात टाकल्या.

१६ नोव्हेंबर
आज त्या फळीवर होत्या. सगळे परतले तरी रशीदभाई बोयापासून लाँच हलवेना. अक्रम अजून तिकडं हाय, म्हणतो. फार झालं. उद्या मीच बोयावर चढून दाखवतो.

१७ नोव्हेंबर
बोयावरच लिहितोय. वही खिशात होती म्हणून —
पलीकडे फिरून बघितलं. कुणी नव्हतं. वळलो तर ओली पावलं, लाँचकडे गेलेली —
लाँच निघाली. माझ्या जागी कुणीतरी बसलंय. नारिंगी जाकीट. पायात त्या चपला.
ओरडलो. रशीदभाईने बघितलं. माझ्याकडेच बघितलं. मग फळी उचलून दाखवली. रिकामी.

वॉकीटॉकी लाँचमध्ये. लाटा वाढताहेत. कमरेला अक्रमचाच दोर बांधलाय —

बुटांत पाणी —

दोर कुणीतरी खालून —