पाव्हण्याच्या तोंडचा घास

प्रिय आई,

आज मी अप्पांच्या हातातली जिलेबी हिसकावून घेतली आणि चुलीत घातली. दिवेलागणीपर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत. काकू तर दारातूनच म्हणाली, "शोभे, मेलेल्या आईच्या तोंडातला घास काढलास गं बाई." हे गाऱ्हाणं मी कुणाकडं नेऊ? जिच्या तोंडातला घास काढला म्हणतात तिलाच विचारलेलं बरं, म्हणून लिहायला बसलेय.

जिलेबी तुझ्यासाठी नव्हती, पाव्हण्यासाठी होती. पण अप्पांच्या लेखी ती तुझ्यासाठीच होती. सगळा घोळ तिथंच आहे.

पाव्हण्या दारात आला तो दिवस आठवतो का तुला? फाटक्या कानाचं कुत्रं, पोट पाठीला लागलेलं. अप्पा काठी घेऊन उठले तर तू म्हणालीस, "राहू द्या, पाव्हणा आलाय. जेवून जाईल." जेवला, पण गेला नाही. जाईल कशाला? दोन्ही वेळेला ताकात कुस्करलेली भाकरी मिळत होती. सणावाराला आम्ही त्याच्यापुढं पोळी टाकायला गेलो की तू आमच्या हातावर मारायचीस. त्याला सोसत नाही, हे तुला कुणी शिकवलं होतं कोण जाणे.

मग तुझा दहावा आला. ओढ्याकाठी पिंड मांडले आणि आम्ही लांब सरकून उभे राहिलो. कावळे समोरच्या लिंबावर बसलेले, पण एक खाली उतरेल तर शपथ. अप्पा हात जोडून म्हणाले, "शोभीला अंतर देणार न्हाई. तुझी शेरडं इकणार न्हाई." कावळा हलला नाही. काय राहिलं असेल तुझ्या मनात? जो तो आठवून आठवून काहीबाही कबूल करायला लागला. तेवढ्यात पाव्हण्या आमच्या पायांतून सुटला आणि कुणी हाड म्हणायच्या आत भाताचा पिंड खाऊन मोकळा झाला.

काकूनं तोंडाला पदर लावला. "कावळ्याच्या आदी ह्यानं शिवलं. बाईचा जीव ह्याच्यातच गुतलाय," म्हणाली. तिनं म्हणायचा अवकाश, गावानं ते उचलून धरलं. मलाही तेव्हा बरंच वाटलं गं. आई अंगणातच आहे, शेपूट हलवत अप्पांच्या मागं फिरते आहे, असं वाटलं तर कुणाला नको होईल?

त्या दिवसापासून पाव्हण्याचे लाड सुरू झाले. कुणाच्या घरी पुरण शिजलं की पहिली पोळी त्याला. शिरा, भजी, बशीत चहा आणि वर खारी. तुला जे जे आवडायचं म्हणून लोकांना आठवलं ते सगळं त्याच्या पोटात गेलं. अप्पा धारूरच्या बाजारातून जिलेबी आणायला लागले, अन् ती स्वतःच्या हातानं भरवायची.

तू जिवंत असताना त्यांनी तुझ्यासाठी म्हणून कधी जिलेबी आणली होती का? अन् तू तरी का गं कधी मागितली नाहीस? आल्यागेल्याला वाढायचीस, कागदाला लागलेला पाक बोटानं पुसून घ्यायचीस आणि वर म्हणायचीस, मला गोड आवडत न्हाई. तुझ्या त्या बोटाचा लई राग येतो मला. एकदा तोंड उघडलं असतंस तर आज हे रामायण झालं नसतं.

पुढचं लिहायला हात धजत नाही, पण तुझ्यापासून काय लपवू. मागं मी अंबाजोगाईहून, शिवणकामाला राहते तिथून, घरी आले तर शेरडांच्या गोठ्यामागं पाव्हण्या काहीतरी चघळत होता. जवळ जाऊन बघितलं तर स्वतःचीच घाण. मी ओरडत धावले, तर माझ्याकडं बघत त्यानं घाईघाईनं गिळून टाकलं. नंतर कळलं, हे बरेच दिवस चाललंय. शेरडांच्या लेंड्या खातो, चुलीपुढची माती चाटतो, मग कोपऱ्यात जाऊन ओकतो. अंगावरचे केस गेलेले, फासळ्या मोजून घ्याव्यात. एवढं तूपसाखर खाऊन फासळ्या.

काकूचं म्हणणं, "बाई तृप्त न्हाई म्हणून असं करायलाय. आजून गोड घाला." ते ऐकलं आणि माझ्या डोक्यात आलं, की हे म्हणतात तसं तू खरंच त्याच्यात असशील, तर मघाशी गोठ्यामागं जे गिळलं ते माझ्या आईनं गिळलं. मी मोरीत जाऊन ओकले.

काही चुकलं की तू आम्हाला म्हणायचीस ना, "खाल्लंस ना शेवटी शेण?" आई, शेण आम्ही सगळ्यांनी मिळून खाल्लं होतं. निस्तरत होता तो.

अप्पांना न सांगता त्याला रिक्षात घातला आणि जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडं नेला. त्यांनी पोट दाबून बघितलं, डोळ्यांची कड खाली ओढून बघितली आणि विचारलं, "ह्याला खायला काय घालता?" मी सांगत गेले. त्या म्हणाल्या, "अहो, हा कुत्रा आहे का घरजावई?" मग नीट समजावलं. एवढं गोड आणि तेलकट त्याला पचतच नाही, तसंच बाहेर पडतं. त्याला त्यात खाण्याचाच वास येतो. वर पोटात जंत, म्हणून खाल्लेलं अंगी लागत नाही आणि भूक भागत नाही. आपण ओरडत अंगावर गेलो की त्याला वाटतं, हिसकावून घ्यायला आले, म्हणून तो आणखी घाईनं गिळतो.

जंताची गोळी दिली. गोड बंद. दोन वेळा भाकरी-ताक, अधूनमधून उकडलेलं अंडं. त्यानं घाण केली की लगेच उचलायची. तो तिकडं वळला तर ओरडायचं नाही, साध्या आवाजात हाक मारायची आणि आला की भाकरीचा तुकडा द्यायचा. निघताना म्हणाल्या, "असंच चाललं तर हे जनावर पावसाळा बघणार नाही, ताई."

मी शिलाई मशीन इकडंच आणलं. ब्लाऊज शिवता शिवता एक डोळा त्याच्यावर. पाव्हण्या शहाणा आहे गं, हाकेला येतो. ओकणं थांबलं होतं. आणि आज बाजारातून येऊन अप्पांनी त्याच्यापुढं जिलेबीचा कागद सोडला.

मी डॉक्टरीणबाईंचं सगळं सांगून बघितलं. "डाक्टरला काय कळतंय? तिचा जीव मागायलाय," म्हणाले. पाव्हण्या समोर बसून लाळ गाळत होता, अप्पांचा हात त्याच्या तोंडापर्यंत गेला होता. मी झडप घातली. आणि म्हणाले, "अप्पा, आई मेली. हा कुत्रा हाय."

तू गेल्यापासून मेली हा शब्द या घरात कुणी उच्चारला नव्हता. माझ्या तोंडून निघाला आणि तसंच वळून मी जिलेबी चुलीत घातली.

दिवेलागणीला मी भाकरी कुस्करत होते तेव्हा अप्पा येऊन शेजारी उकिडवे बसले. पाव्हण्याकडं बघितलं. मग हळूच म्हणाले, "शोभे, ती ह्याच्यात न्हाई, तर मग हाय कुठं?"

काय सांगायला हवं होतं मी, आई? म्हणाले, "मला न्हाई म्हाईत, अप्पा."

"तिला काय पायजे, म्या कधी इचारलंच न्हाई," एवढं बोलले आणि रडायला लागले. दहाव्याला नव्हते रडले. मी भाकरीचा हात तसाच त्यांच्या पाठीवर ठेवला.

तर आता माझा शब्द घे. गोडाचं ताट घेऊन कुणीही आलं, काकू का असेना, मी दारातून परत लावीन. पाव्हण्याला कुत्रा म्हणून जगवीन. तुझा जीव कशात अडकला ते मला कधी कळणार नाही, तू सांगून गेली नाहीस. तू उपाशी असशील तर माझ्यावर रागव, पण तुझ्या भुकेपायी मी मुका जीव मरू देणार नाही. आणि अप्पांना रोज विचारीन, तुम्हाला काय खावंसं वाटतंय. काही नको म्हणाले तर पुन्हा विचारीन. ते तोंड उघडून सांगेपर्यंत उठणार नाही.

तुझी,
शोभी